मालगाडी कुठाय?

गेल्या हिवाळ्यात बार्शीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात मी काढलेल्या बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरले होते. लोक येत होते आणि चित्रे पाहण्याऐवजी त्यांत आपापले स्टेशन शोधत होते. कुणाला पांगरीच्या फलाटावरचा लिंब ओळखू येत होता, कुणाला ढोकीच्या तिकीट खिडकीवरची पाटी. एका बाईंना गर्दीच्या चित्रात दाराला लटकलेल्या तरुणात आपला थोरला भाऊ सापडला आणि त्या बराच वेळ त्या चौकटीसमोरून हलल्या नाहीत. दुपारच्या निवांत वेळी एक वृद्ध गृहस्थ एकटेच आले. चष्मा वर-खाली करत त्यांनी भिंतीवरचे एकेक चित्र क्रमाने पाहिले, मग परत पहिल्यापासून पाहिले. बोलण्यातून कळले की, त्यांनी याच लाइनवर मालगाडीचे गार्ड म्हणून नोकरी केली होती. "फोटू लई झाक हायत, सर," ते म्हणाले, "पण मालगाडी कुठाय?" मी त्यांना कुर्डुवाडीच्या यार्डाचे चित्र दाखवले, त्यात इंजिनाच्या पलीकडे मालाच्या काही वाघिणी, म्हणजे मालडबे, दिसतात. त्यांनी ते अगदी जवळ जाऊन पाहिले. "ह्या उभ्या हायत," एवढे बोलून ते पुढच्या चित्राकडे वळले.

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. माझ्याकडे या रेल्वेच्या चित्रांचा साठा बऱ्यापैकी आहे, आणि माझ्यासारख्या इतर हौशी लोकांची चित्रेही मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्या सगळ्यांत मिळून एकच गाडी दिसते: आषाढीच्या दिवसांत टपावर वारकरी बसलेले, खिडक्यांतून बोचकी आत ढकलली जात असलेली, माणसांच्या भाराने बुटकी वाटणारी पंढरपूर पॅसेंजर. चित्र म्हणून ते आहेच तसे. पांढरी धोतरे, भगव्या पताका, धूर किंवा डिझेलची काळी फुंकर, आणि मागे सोलापूर जिल्ह्याचे ते स्वच्छ, निर्दय आभाळ. कॅमेरा हातात असलेल्या माणसाने तिथे दुसरीकडे बघायचे म्हटले तरी जमले नसते. पॅसेंजर नसेल तेव्हा आम्ही इंजिन काढत होतो, तेही ठरलेल्या कोनातून: सूर्य पाठीशी घ्यायचा, इंजिनाचा चेहरा आणि एक बाजू एकदम दिसेल असे उभे राहायचे, चाकांवर उजेड पडलेला पाहून बटण दाबायचे. अशा चित्रात इंजिनामागची गाडी लांब जाणारी बारीक रेघ होऊन उरते. त्या रेघेत डबे आहेत की वाघिणी, हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि काढणाऱ्यालाही त्याची फारशी फिकीर नसते.

आणि ही लाइन तर मुळात मालासाठीच घातली गेली होती.

जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबई-सोलापूर मार्ग बार्शी गावाला टाळून गेला. गावाचे नाव लावलेले बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, गावापासून सुमारे 35 किलोमीटरवर होते. बार्शी हे तेव्हाही कापूस, गळिताची धान्ये आणि डाळी यांचे मोठे पेठेचे गाव. बालाघाटाच्या पलीकडून, निजामाच्या मुलखातून माल इथे उतरायचा आणि पुढे बैलगाड्यांनी स्टेशन गाठायचा. जी.आय.पी.त नोकरीला असलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही बैलगाड्यांची रांग पाहिली आणि तिच्या जागी अडीच फूट रुंदीची रेल्वे कल्पिली. बरीच खटपट होऊन 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे 1911 मध्ये ती लातूरला पोचली, दुसऱ्या बाजूने पंढरपूरला गेली आणि 1927 मध्ये पंढरपुराहून मिरजेपर्यंत. इंग्रजी अंमलातला सोलापूर जिल्हा, निजामाचा मराठवाडा, दक्षिणेतली छोटी मराठी संस्थाने असे सगळे एका अरुंद रुळाने शिवले गेले. वारकरी नंतर आले. ते आले म्हणून गाडीचे पोट भरले, हेही खरे. पण तिचा आराखडा ज्याने कागदावर मांडला त्याच्या डोळ्यांसमोर टाळकरी नव्हते, कापसाच्या गाठी होत्या.

कॅल्थ्रॉपचा हिशेब समजून घेतला की ही गोष्ट अधिकच खुपायला लागते. रूळ किती जड घ्यायचा हे गाडीतला सगळ्यांत जास्त भार वाहणारा आस, म्हणजे चाकांच्या जोडीमधला दांडा, ठरवतो, आणि तो बहुधा इंजिनाचा असतो. म्हणजे इंजिन जाण्यापुरता भक्कम रूळ घालायचा आणि मग त्यावरून उरलेला सगळा वेळ हलक्या वाघिणी पळवायच्या. रुळाचा अर्धा जीव वाया. कॅल्थ्रॉपने ठरवले की गाडीतल्या कोणत्याही आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग तो आस इंजिनाचा असो की भरलेल्या वाघिणीचा. त्यामुळे दर यार्ड लांबीला 30 पौंड, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो वजनाचा रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो. चार आसांची वाघीण भरून 20 टनांची होऊ शकत होती, आणि ती रिकामी असताना जितकी हलकी तितका तिच्यात माल जास्त. म्हणून लीड्सच्या सॅमसन फॉक्सच्या कारखान्यातले, पोलादी पत्रा दाबून घडवलेले सांगाडे आणि बोगी, म्हणजे चाकांचे फिरते गाडे, त्याने वाघिणींना लावले. ही सगळी सामग्री भारतात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून तिची चाचणी घेतली गेली, वळणे आणि चढ मुद्दाम बनवून. इंजिनेही मग त्याच शिस्तीत बेतली: किटसन कंपनीची 'ए' वर्गाची, भार आठ जोडचाकांवर सारखा वाटलेली आणि मागे आणखी चार चाके असलेली टाकीची, म्हणजे पाणी स्वतःच्याच अंगावर वाहणारी, इंजिने. पण या रेल्वेतली खरी नवी गोष्ट इंजिन नव्हती, वाघीण होती. इंजिनाला तिच्या मापात राहायला लावले होते.

आता कारखान्यातून निघणाऱ्या इंजिनांचे जे सरकारी थाटाचे छायाचित्र काढत, ते आठवा. इंजिन एका बाजूने, सरळ, चाके जोडणाऱ्या पट्ट्या ठरावीक जागी थांबवून उभे केलेले. अंगाला खास छायाचित्रासाठी करडा रंग, कारण काळा रंग जुन्या काचेवर सगळे खिळे आणि सांधे गिळून टाकी. मागची भिंत खोडून पांढरी केलेली. त्या चित्रांची मला फार ओढ आहे. त्यांत भावना अजिबात नाही आणि म्हणूनच ती विश्वासार्ह वाटतात. अशा एकाच चौकटीत, तितक्याच सरळपणे, इंजिन आणि भरलेली वाघीण शेजारी उभी केली असती तर कॅल्थ्रॉपचे सगळे म्हणणे एका नजरेत उलगडले असते. आम्ही मात्र कोन शोधत राहिलो. कोन शोधला की नाट्य येते, आणि नाट्य आले की इंजिन पुढे येते.

माझे आजोळ ढोकीच्या बाजूचे. लहानपणी मुंबईची गाडी कुर्डुवाडीला रात्री सोडायची आणि लातूरकडची छोटी गाडी सुटेपर्यंत आम्ही फलाटावर वळकट्यांवर बसून असायचो. त्या तासांत मालाची जागा मला दिसली नाही, तिचा वास आला. शेंगदाण्याची ढेप, ओल्या गोणपाटाचा उग्र दर्प, गुळाचा गोड आणि जरासा आंबूस वास, सरकीचे तेलकट धुके. एका बाजूला ब्रॉडगेजची उंच वाघीण, दुसऱ्या बाजूला छोट्या लाइनची बुटकी, आणि मधल्या फलाटावरून पाठीवर पोती घेतलेले हमाल वाकून धावत. आकडा लावून पोते उचलताना होणारा तो 'हं' असा आवाज, मग पोते पडल्याचा धप्पा, मग पुन्हा तेच. मामा म्हणायचे की, या लाइनचा खरा खर्च कोळशाचा नाही, या फलाटाचा आहे. लहान असल्याने मला ते कळले नव्हते. लातूरच्या अडतीतून निघालेले डाळीचे पोते मुंबईला पोचेपर्यंत वाटेत एकदा पूर्ण उतरवायचे आणि पूर्ण चढवायचे. वेळ जायचा, मजुरी जायची, पोती फाटायची, थोडे सांडायचे, थोडे 'सांडायचे'. ट्रक अडतीच्या दाराशी उभा राहू लागला तेव्हा या फलाटाचे भवितव्य ठरून गेले. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ही कंपनी विकत घेतली, पुढे ती मध्य रेल्वेत गेली, पण रुंदीतला फरक काही कुणाला विकत घेता आला नाही. याच कॅल्थ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड खोऱ्यातली अशीच छोटी रेल्वे आखली आणि तिथे मोठ्या लाइनची अख्खी वाघीणच छोट्या लाइनच्या सपाट गाड्यावर चढवून पुढे नेण्याची सोय केली. ती रेल्वेही 1904 ते 1934 एवढीच जगली, हे निराळे. कुर्डुवाडीत मात्र अखेरपर्यंत माणसाची पाठ होती.

मी कॅमेरा घेऊन परत गेलो तोवर वाफ सरली होती आणि बहुतेक माल ट्रकवर गेला होता. यार्डाच्या कडेच्या रुळांवर वाघिणी उभ्या होत्या, दारे अर्धी उघडी, आत चिमण्यांची घरटी, चाकांमधून धोतरा उगवलेला. त्या प्रदेशात गाडीचे चित्र काढणे वाटते तितके सोपे नसते, हेही सांगायला हवे. काळी जमीन प्रकाश पिऊन टाकते आणि आभाळ तो दुपटीने परत करते. कॅमेऱ्यातले मापक काळ्या मातीवर भुलते, जास्त उजेड आत घेते, आणि धुतलेल्या फिल्मवर आभाळाच्या जागी नुसता पांढरा कागद उरतो. रब्बीत शाळू डोक्याएवढा वाढला की छोटी गाडी खांद्यापर्यंत त्यात बुडते. दिसतात ती फक्त टपे. चढाची जागा हवी असेल तर पांगरी आणि येडशीच्या मधला बालाघाट, जिथे रूळ वळत वळत वर जात आणि गाडीचे शेपूट तिच्या डोक्याला दिसे. तिथे उंच दगडावर बसून लांब पल्ल्याचे भिंग लावले की मागचे सगळे डबे एकमेकांवर दाबले जाऊन येतात आणि गाडीचा भार डोळ्यांना कळतो. मालगाडीचे चित्र काढायचे तर हीच रीत. समोरून इंजिन पकडण्यापेक्षा कडेने, वरून, संथ झडपेने, म्हणजे शटर सावकाश ठेवून काढावी. गाडी इतक्या सावकाश येते की सेकंदाच्या तिसाव्या भागातही वाघिणीवरचा क्रमांक वाचता येतो आणि चाके तेवढी फिरलेली दिसतात. पण त्या दगडावर बसून मी वाट पाहायचो ती पॅसेंजरची, कारण तिला वेळापत्रक होते. मालगाडीला वेळ नसते. ती कधी निघणार हे नियंत्रकाला माहीत असते, गार्डाला एक तास आधी कळते, आणि छायाचित्रकाराला ती निघून गेल्यावर.

प्रदर्शन आटोपल्यावर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे एकही छायाचित्र नव्हते, लग्नातले सोडून. नोकरीतला कंदील होता, एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवी काच फिरवता येणारा. ते बोलू लागले आणि माझ्या लक्षात आले की, ते जे सांगत आहेत त्यातले बहुतेक अंधारात घडलेले आहे. सुटण्याआधी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन वाघिणींचे क्रमांक लिहून घ्यायचे. दारांच्या कड्यांना लावलेली शिशाची सीले हाताने चाचपायची, कारण कंदिलाच्या उजेडात तुटलेले सीलही साबूत दिसते. मग शेवटच्या ब्रेकच्या डब्यात एकट्याने बसायचे. "रात्रीचं डोळ्याचं काय काम नसतंय," ते म्हणाले, "नाक उघडं ठेवायचं." आसाच्या टोकाशी असलेल्या पेटीतले तेल संपले की धातू तापतो आणि जळक्या चिंध्यांचा वास मागे येतो, तो वास आला की लाल कंदील हलवायचा. वारा उलटा असला तर वास पुढे जायचा आणि मग काळजी वाटायची. थंडीत येडशीच्या चढावर गाडी इतकी मंदावे की, खाली उतरून शेकोटीसाठी दोन काटक्या उचलून पुन्हा डब्यात चढता येई. मी विचारले, हे खरेच करत होता का? ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. चढावर पोती कमी होण्याचे प्रकार कसे घडत, तेही त्यांनी सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात चोरांविषयी राग कमी आणि कौतुक जास्त होते.

यातले काय चित्रात आले असते? शिशाचे सील आले असते. कंदील आला असता. वास, चाचपणे, उलटा वारा यांतले काहीच नाही. तरीही त्यांचा प्रश्न चूक होता असे मला वाटत नाही. त्यांना स्वतःचे चित्र हवे नव्हते. त्यांनी ज्या गाडीच्या शेपटीला बसून हयात घालवली ती गाडी चालत होती, याची एक नोंद हवी होती. गेज बदलायची वेळ आली तेव्हा टप्प्याटप्प्याने सगळी छोटी लाइन उखडली गेली: आधी पंढरपूरची बाजू, 2008 च्या सुमारास लातूरची, आणि सगळ्यांत शेवटी पंढरपूर-मिरज. प्रत्येक टप्प्याला शेवटच्या पॅसेंजरला हार घातले गेले, नारळ फोडले गेले, स्टेशनमास्तरांनी भाषणे केली, आणि आम्ही सगळे तिथे होतोच. शेवटची मालगाडी कोणती, ती कुठल्या स्टेशनातून कुठल्या स्टेशनात गेली, तिच्यात काय भरले होते, हे कुणी लिहून ठेवल्याचे मला आढळले नाही. मालगाडी संपल्याचे कळतच नाही. एक दिवस ती येत नाही, एवढेच.

या मार्गावर एकदाच मालगाडीला गर्दी जमली. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले. पाण्यावरून हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये तिथे जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने न्यायचे ठरले. कोट्याच्या कारखान्यात आतून धुऊन काढलेल्या टाक्यांच्या वाघिणी आल्या, आणि 11 एप्रिलला 10 वाघिणींची, सुमारे 5 लाख लिटर पाण्याची पहिली गाडी मिरजेहून निघून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पुढे 50 वाघिणींच्या, 25 लाख लिटरच्या गाड्या जाऊ लागल्या. मार्ग तोच: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, कॅल्थ्रॉपच्या रेल्वेचा सगळा लांबलचक कणा, फक्त आता ब्रॉडगेजचा. उस्मानाबादवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून, लाइन नेण्यासाठी बालाघाटातला जुना घाट सोडून दिला आहे, तेवढा बदल. जुनी रुंदी तशीच राहिली असती तर ते पाणी कुर्डुवाडीलाच नव्हे, मिरजेतच अडकले असते, हे मान्य करायला माझ्यासारख्या छोट्या लाइनच्या वेड्याला जड जाते. पण ते खरे आहे.

त्या गाड्यांपैकी एक मी मिरज-पंढरपूर मार्गावरच्या ढालगावच्या अलीकडे, एका उघड्या माळावर उभा राहून काढली. कडेने, थोड्या उंचीवरून, संथ झडपेने, गार्डांच्या मताची मालगाडी. डिझेल इंजिन चौकटीच्या पार कोपऱ्यात आहे आणि बाकी सगळी चौकट टाक्यांनी भरलेली आहे. कवठेमहांकाळ आणि जत ही दुष्काळी तालुक्यांची पट्टी. माणसे घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होती, आणि त्यांच्या बांधावरून ते 25 लाख लिटर पाणी न थांबता पुढे जात होते. माझ्या शेजारी एक शेतकरी शेळ्या सोडून उभा होता. "लातूरला घालायलेत," तो म्हणाला, तक्रारीने नव्हे, माहिती देतो तसा. मग त्याने डबे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

तांत्रिकदृष्ट्या ते माझे या मार्गावरचे सर्वांत चांगले मालगाडीचे चित्र आहे. 2023 पर्यंत मध्य रेल्वेच्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांवर विजेच्या तारा आल्या. त्यामुळे आता त्या माळावरून तसे चित्र निघणारही नाही, दर थोड्या अंतराने खांब मध्ये येतो. साखरेच्या आणि सिमेंटच्या गाड्या मी हल्ली खांबांसकट काढतो आणि त्याची सवय होत चालली आहे. हे पाण्याच्या गाडीचे चित्र मात्र बार्शीच्या प्रदर्शनात नव्हते, कारण ते छोट्या लाइनचे नाही असे मी तेव्हा समजत होतो. आता लातूरला प्रदर्शन नेण्याचे बोलणे चालू आहे आणि यावेळी ते लावायचे ठरले आहे. अडचण एवढीच आहे की, नुसते पाहून त्या टाक्यांत पाणी आहे हे ओळखता येत नाही, तेल असेल असेच वाटते, म्हणजे खाली ओळ लिहावी लागणार. तिच्यात मिरज आणि लातूर ही नावे तर येतीलच. ढालगावचे नाव घालावे की नाही, यावर प्रदर्शन भरवणाऱ्यांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.